मणक्यांतली गॅप

कमरेचे दुखणे नाही असे घर शोधू गेल्यास फार हिंडावे लागेल. पूर्वी या दुखण्याला पुष्कळ नावे होती. कोणाला उसण भरे, कोणाची कंबर धरे, कोणाच्या पाठीत चमक निघे. कळ मांडीतून पोटरीत उतरू लागली की तिला सायटिका म्हणत, आणि वैद्यबुवा आपल्या पोथीतले गृध्रसी हे नाव काढीत. रोग्याची चाल गिधाडासारखी होते, असा त्याचा अर्थ लावतात. अलीकडे ही सारी नावे मागे पडली. आता शहरात काय नि खेड्यात काय, एकच वाक्य ऐकू येते : "फोटो काढला, मणक्यात गॅप आहे म्हणाले."

हा शब्द मोठा मजेदार आहे. दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते. तिला कोणी चकती म्हणतात. ही गादी क्ष-किरणांच्या फोटोत उमटत नाही. तिच्या जागी काळी रिकामी फट दिसते. म्हणजे धडधाकट माणसाच्या फोटोत गॅप असतेच, नव्हे, ती असावीच लागते! गादी झिजली की ही फट अरुंद होते. तेव्हा ज्या बिचाऱ्याला गॅप पडली म्हणून आपण हळहळतो, त्याच्या फोटोत ती बहुधा कमी झालेली असते. शब्द असा उलटा बसला आहे खरा, पण त्याच्यामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. तोच आज सांगायचा आहे. मी इतिहास शिकवणारा मनुष्य. माझ्याकडे औषध मागू नका. मात्र हे चित्र कसे काढता येऊ लागले, त्यात काय दिसले आणि काय दिसल्यासारखे वाटले, एवढे सांगता येईल.

प्रथम गादीची ओळख करून घेऊ. पादुआच्या विद्यापीठात शरीररचना शिकवणाऱ्या वेसालियसने १५४३ साली आपला प्रसिद्ध ग्रंथ छापला, त्यात तिचे वर्णन आहे. अशा २३ गाद्या आपल्या कण्यात असतात. बाहेरून कांद्याच्या पापुद्र्यांसारखी चिवट तंतूंची कडी आणि आत पाण्याने फुगलेला मऊ गर, अशी तिची घडण. तरुणपणी या गरात पाचांत चार भागांहून अधिक पाणीच असते. दिवसभर आपल्या वजनाखाली थोडे पाणी पिळून निघते, रात्री आडवे झाल्यावर पुन्हा शोषले जाते. म्हणून सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. मोठ्या माणसाच्या गादीच्या आतल्या भागात रक्तवाहिन्या नसतात. तिचे अन्नपाणी वरच्या-खालच्या मणक्यांतून झिरपत यायचे. असा अवयव लवकर सुकू लागला तर नवल नाही. विशीतच कित्येकांच्या गाद्यांत झिजेच्या खुणा दिसू लागतात.

आता १८९५ सालाकडे वळू. जर्मनीतील व्युर्ट्सबुर्ग येथे ८ नोव्हेंबर रोजी राँटगेन यांना ते अज्ञात किरण सापडले, आणि २२ डिसेंबरला त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. बोटांची हाडे आणि त्यांवरची अंगठी! साऱ्या जगाला त्या चित्राने वेड लावले. राँटगेन यांनी शोधाचे पेटंट घेतले नाही. १९०१ सालचे पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. पण हात वेगळा आणि कंबर वेगळी. हात पातळ, कमरेपाशी मात्र मांस, आतडी, चरबी यांचा जाड थर. तेथे किरण वाटेतच विखुरत आणि चित्रावर धुके पसरे. १९१३ साली बर्लिनच्या गुस्टाफ बकी यांनी विखुरलेले किरण अडवणारी शिशाच्या पट्ट्यांची जाळी काढली, पुढे शिकागोच्या पॉटर यांनी ती हलती केली, तेव्हा कुठे कमरेचे मणके स्वच्छ दिसू लागले. गादी तरीही दिसेना. हाडात चुना आहे, तो किरण अडवतो. गादी म्हणजे पाणी आणि कूर्चा. तिच्यात आणि भोवतालच्या मांसात किरणांना फरक कळत नाही.

म्हणून डॉक्टरांनी दोष दुसऱ्या जागी शोधला. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत कंबर आणि पाय दुखला की माकडहाडाच्या वरचा, कटीचा सांधा सैल झाला, असे निदान होई. रोग्यांना पट्टे बांधले, प्लॅस्टरमध्ये घातले, काहींचे सांधे जोडलेही. त्यांतले कित्येक बरे झाले, कारण हे दुखणे आपल्या पायाने येते आणि पुष्कळदा आपल्या पायाने जाते. श्रेय त्या वेळी दारात उभ्या असलेल्या उपचाराला मिळते.

इकडे जर्मनीत ड्रेस्डेन येथे गेओर्ग श्मोर्ल नावाचे विकृतिशास्त्रज्ञ एक अवाढव्य काम करीत होते. शवविच्छेदनासाठी आलेल्या प्रेतांचे कणे काढून, चिरून, त्यांची क्ष-किरण चित्रे घेऊन ते एकेक मणका तपासत. असे हजारो कणे त्यांनी पाहिले. गर वर-खाली मणक्यात घुसून जे खळगे पडतात त्यांना आजही श्मोर्लच्या गाठी म्हणतात. १९२९ साली त्यांच्या एका शिष्याने साडेतीनशेहून अधिक कण्यांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांत दर सहासात कण्यांमागे एकात गादीचा भाग मागच्या बाजूला, म्हणजे मज्जारज्जूच्या नळीकडे, सरकलेला आढळला. हे लोक कंबरदुखीने मेलेले नव्हते. कोणी न्यूमोनियाने, कोणी क्षयाने गेलेले असत. श्मोर्ल यांनाही या सरकलेल्या तुकड्यांचे फारसे महत्त्व वाटले नाही. त्यांच्या हाती एक फार मोठी गोष्ट लागली होती, आणि एका अर्थाने दोन : गादी सरकते ही एक, आणि सरकूनही माणूस सुखाने चालतो-फिरतो ही दुसरी. पुढच्या पिढीने पहिली उचलली. दुसरी उचलायला आणखी चाळीस वर्षे लागली.

एव्हाना जिवंत माणसांतही ही गादी हाताला लागू लागली होती. ग्लासगोत जड लोखंडी पत्रा उचलताना एका कामगाराच्या पाठीत काहीतरी कडकन तुटले, पाय लुळे पडले आणि तो दगावला. गादी फुटून मज्जारज्जूवर दाबली गेल्याचे विच्छेदनात दिसले. हा वृत्तान्त १९११ सालचा. १९२९ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी यांनी दोन रोग्यांच्या कण्यातून कूर्चेचे सुटे तुकडे काढले आणि ते गादीचेच असल्याचे लिहिले. फारसे कोणी लक्ष दिले नाही. इतिहासात असे पुष्कळदा होते. वाक्य लिहिले जाते, पण ऐकणाऱ्याचा कान अजून तयार नसतो.

तो तयार व्हायला चित्राची मदत झाली, आणि चित्राची युक्ती सापडली ती चुकून. पॅरिसमध्ये सिकार आणि फोरेस्तिए हे दोघे डॉक्टर सायटिकाच्या रोग्यांना खसखशीच्या तेलात आयोडीन मिसळून केलेले लिपिऑडॉल नावाचे औषध पाठीत टोचत. १९२१ च्या सुमारास एकदा सुई ठरल्या जागेहून खोल गेली आणि तेल मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात उतरले. घाबरून रोग्याला क्ष-किरणाखाली नेले तो काय, तेलाचे काळे थेंब नळीतून खाली ओघळताना दिसत आहेत! रोग्याला अपाय झाला नाही. आयोडीन किरण अडवते. तेव्हा तेल जेथे अडेल तेथे काहीतरी अडथळा आहे, हे उघड झाले. मायलोग्राफी म्हणतात ती हीच. गादी अजूनही दिसत नव्हती, पण तिची सावली दिसू लागली.

आणि मग बोस्टन. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये एक तरुण रोगी आला. बर्फावर घसरण्याचा खेळ खेळताना त्याला दुखापत झाली होती, आणि पायाची कळ काही केल्या जात नव्हती. हाडांचे डॉक्टर जोसेफ बार यांनी त्याला मेंदू व मज्जारज्जूचे सर्जन विल्यम जेसन मिक्स्टर यांच्याकडे पाठवले. कण्यात गाठ असावी असा तर्क होता. १९ डिसेंबर १९३२ रोजी शस्त्रक्रिया झाली, तुकडा निघाला, आणि रोगी बरा झाला. येथवर विशेष काही नाही. असे तुकडे पूर्वीही निघत, त्यांना कूर्चेची गाठ म्हणून चिठ्ठी लावली जाई आणि बाटली कपाटात ठेवली जाई. बार यांना शंका आली. त्यांनी तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी गादीशी ताडून पाहिला. मग रुग्णालयाच्या कपाटातल्या जुन्या बाटल्या बाहेर निघाल्या. गाठ म्हणून नोंदलेले बहुतेक तुकडे गादीचेच होते!

मला या साऱ्या कथेत हा प्रसंग सर्वांत आवडतो. कोठे नवे यंत्र नाही, नवे किरण नाहीत. जुन्या नोंदी पुन्हा वाचल्या, एवढेच. दफ्तरखान्यात ज्याने धूळ खाल्ली आहे त्याला यातली गोडी कळेल. २ ऑगस्ट १९३४ रोजी मिक्स्टर आणि बार यांचा १९ रोग्यांवरचा निबंध न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला आणि सायटिकाचे कारण सापडले, असे जगाने मानले.

ते खरेही होते. गादी फुटून शीर दाबली जाते आणि पायात कळ उतरते, यात आज कोणाला संशय नाही. पण एक कारण सापडले की माणूस सगळ्या दुखण्यांना तेच लावू पाहतो. पायाची कळ राहिली बाजूला, नुसती कंबर दुखली तरी गादीकडे बोट जाऊ लागले. या पुढच्या काळाला वैद्यकाच्या काही इतिहासकारांनी चकतीची राजवट म्हटले आहे. शस्त्रक्रिया वाढल्या. ज्यांच्या शिरेवर खरोखर दाब होता ते उठून चालू लागले. ज्यांच्या नव्हता त्यांची पाठ पूर्वीसारखीच दुखत राहिली, वर एक व्रण मिळाला. मायलोग्राफीही काही सुखाची नव्हती. रोग्याला कलत्या टेबलावर बांधायचे, तेल वर-खाली फिरवायचे. १९४४ पासून वापरात आलेले नवे तेल काम झाल्यावर सुईने परत ओढून काढावे लागे, आणि मागे राहिलेल्या थेंबांनी काही रोग्यांच्या मज्जातंतूंची आवरणे सुजून एकमेकांस चिकटली. पाण्यात विरघळणारी निर्धोक द्रव्ये १९७० नंतर आली. मध्यंतरी १९४८ साली स्वीडनच्या लिंडब्लोम यांनी सरळ गादीतच सुई घालून औषध सोडले व तिचे आतले चित्र घेतले. गादीचे असे पहिलेच दर्शन. पण सुई घातल्याचे दुखणे आणि मूळचे दुखणे यांचा निवाडा करणे कठीण झाले.

अमेरिकेत तर क्ष-किरणांचा फोटो नोकरीच्या दारापर्यंत गेला. अंगमेहनतीच्या कामासाठी उमेदवार आला की त्याच्या कमरेचा फोटो काढायचा, फट अरुंद दिसली की नाव खोडायचे. माणूस तगडा, पाठ कधी दुखलेली नाही, पण फोटो म्हणतो नको! १९५३ सालीच कंबर दुखणाऱ्या आणि न दुखणाऱ्या माणसांचे फोटो शेजारी ठेवून पाहिले गेले होते, आणि त्यांत सांगण्याजोगा फरक आढळला नव्हता. तरी ही प्रथा पुढे वीस वर्षे रेटली गेली. किती जणांच्या घरची चूल त्या काळ्या फटीवर अडली असेल, याची नोंद कोणत्या वैद्यकीय मासिकात सापडायची?

निरोगी माणसाच्या कण्यात काय दिसते, हा प्रश्न मायलोग्राफीला नीट विचारला गेला तो १९६८ साली. कानाच्या शिरेवर गाठ असल्याचा संशय असलेल्या ३०० रोग्यांची मायलोग्राफी झाली होती. त्यांना कमरेची तक्रार नव्हती. पण औषध कण्यातून वर न्यायचे तर वाटेतल्या गाद्याही चित्रात आल्या. शंभरांपैकी ३७ जणांच्या कण्यात कोठे ना कोठे दोष दिसला, आणि २४ जणांच्या कमरेत. आता विचार करा. या ३७ जणांपैकी एखाद्याची कंबर त्या आठवड्यात सहज दुखली असती, तर तो टेबलावर गेला असता की नाही?

पुढे यंत्रे बदलली. इंग्लंडातल्या ई. एम. आय. कंपनीत गॉडफ्रे हाउन्सफील्ड नावाचे इंजिनिअर होते. होय, तीच कंपनी. भोंग्यापुढे बसलेल्या कुत्र्याच्या चित्राच्या ज्या तबकड्या आपल्या घरोघर वाजल्या, त्यांच्याशी संबंध असलेली. त्यांच्या सी. टी. यंत्रावर १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या विम्बल्डन येथे पहिल्या रोग्याची तपासणी झाली. अनेक दिशांनी क्ष-किरण सोडायचे आणि गणकयंत्राने हिशेब करून शरीराचा आडवा काप चित्रात उभा करायचा, ही त्यातली हिकमत. प्रथम डोक्यापुरते असलेले हे यंत्र काही वर्षांत कमरेपर्यंत आले आणि सुई न घालता गादीचा फुगवटा दिसू लागला. हाउन्सफील्ड यांना कॉरमॅक यांच्याबरोबर १९७९ चे नोबेल मिळाले. १९८४ साली कंबर न दुखणाऱ्या ५२ जणांचे सी. टी. काढले, तर पुन्हा तेच : ३५ टक्के चित्रे सदोष.

मग एम. आर. आय. आले. यात क्ष-किरण नाहीत. मोठे लोहचुंबक आणि रेडिओच्या लहरी. शरीरातल्या पाण्यात जो हायड्रोजन आहे, त्याचे अणुगर्भ चुंबकात शिस्तीने उभे राहतात, लहरींनी ते डळमळतात, आणि पूर्ववत होताना स्वतः क्षीण लहरी सोडतात. रेडिओच्या श्रोत्यांना हे समजायला अवघड जाऊ नये. १९७३ साली पॉल लॉटर्बर यांनी असे पहिले चित्र छापले ते पाण्याच्या दोन नळ्यांचे. ३ जुलै १९७७ रोजी रेमंड डमेडियन यांनी एका सहकाऱ्याच्या छातीचे चित्र घेतले, त्याला जवळजवळ पाच तास लागले. २००३ चे नोबेल लॉटर्बर आणि मॅन्सफील्ड यांना मिळाले. डमेडियन यांना वगळले म्हणून त्यांनी वृत्तपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. तो तंटा येथे उकरत नाही.

पण पाहा, पाण्याचे चित्र काढणारे यंत्र, आणि गादी म्हणजे बहुतांशी पाणी! जी चीज नव्वद वर्षे फट म्हणून दिसत होती ती पहिल्यांदा स्वतःच्या रूपात समोर आली. तरुण गादी पांढरी स्वच्छ दिसते. पाणी आटले की करडी आणि पुढे काळी. २००१ साली झुरिचच्या फिरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या पाच श्रेणी ठरवून दिल्या; आम्ही उत्तरपत्रिकांना देतो तशाच. चित्र इतके सुरेख की ते खोटे बोलेल असे मनातही येऊ नये. आणि ते खोटे बोलत नाहीच. गादी सुकली आहे, फुगली आहे, असे ते सांगते, ते खरेच असते. दुखते तिथेच म्हणून, हे मात्र ते सांगत नाही. ते आपण जोडतो.

१९९० साली बोडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंबर कधी न दुखलेल्या ६७ जणांचे एम. आर. आय. काढले आणि काही न सांगता ते तीन तज्ज्ञांपुढे ठेवले. साठीच्या आतल्या २० टक्के लोकांची गादी सरकलेली होती. साठीपुढच्या ३६ टक्के लोकांची. वीस ते एकोणचाळीस वयाच्या मंडळींतही ३५ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या किंवा फुगलेल्या. १९९४ साली जेन्सन यांनी ९८ निरोगी माणसांच्या चित्रांत २७ दुखणाईतांची चित्रे पत्त्यांसारखी पिसून मिसळली, म्हणजे वाचणाऱ्याला वास लागू नये. निरोगी लोकांपैकी ५२ टक्क्यांच्या गाद्या फुगलेल्या निघाल्या. पाचही गाद्या निर्दोष असलेले अवघे ३६ टक्के! २०१५ साली असे ३३ अभ्यास आणि ३,११० निरोगी माणसे एकत्र मोजली, तेव्हा गादीची झीज विशीत ३७ टक्के आणि ऐंशीत ९६ टक्के आढळली. आरशात पांढरे केस दिसावेत त्यातलाच हा प्रकार म्हणायचा.

झीज होते तरी कशाने? आपण म्हणतो ओझी उचलून, खड्ड्यांच्या रस्त्यावरून गाडी हाकून. फिनलंडमध्ये ११५ जुळ्या भावांच्या जोड्या तपासल्या. एक भाऊ जड कामाचा, दुसरा बैठ्या कामाचा, अशाही जोड्या त्यांत होत्या. १९९५ साली निष्कर्ष छापला गेला. भावाभावांच्या गाद्या कामापेक्षा रक्ताच्या नात्याने अधिक सारख्या होत्या. हमाली करणाऱ्या बापाने पाठ गमावली असे सरसकट म्हणण्याआधी आजोबांकडेही पाहावे लागेल.

याचा अर्थ चित्र काढूच नये असा कोणी घेतला तर तो अनर्थ होईल. लघवीवरचा ताबा गेला, बसण्याची जागा बधिर झाली, पायातली शक्ती दिवसेंदिवस कमी होऊ लागली, ताप येतो, वजन उतरते, पूर्वी कर्करोग झालेला आहे, अशा वेळी हेच यंत्र माणसाला वाचवते, आणि तेथे एक दिवस दवडणेही वाईट. प्रश्न उरलेल्या मोठ्या समुदायाचा आहे. २००३ साली सिएटलच्या डॉक्टरांनी ३८० रोग्यांचे दोन गट केले. एकाला साधा क्ष-किरण फोटो, दुसऱ्याला एम. आर. आय. वर्षअखेर दोन्ही गट दुखण्याच्या बाबतीत सारखेच. फरक एवढाच, की पहिल्या गटात ४ जणांची शस्त्रक्रिया झाली आणि दुसऱ्यात १० जणांची. आणि उलट बाजूने, ज्यांनी शस्त्रक्रिया न करता धीर धरला त्यांची काही महिन्यांनी पुन्हा चित्रे घेतली, तर बाहेर आलेला तुकडा पुष्कळदा शरीरानेच खाऊन टाकलेला दिसला. मोठा तुकडा तर अधिक झपाट्याने.

अहवाल हाती पडतो तेव्हा हे काही रोग्याला ठाऊक नसते. कागद इंग्रजीत असतो. मुलगा किंवा भाचा एस. टी. च्या थांब्यावर तो उलगडतो, झीज, फुगवटा, चौथा-पाचवा मणका असे शब्द एकेक लावून वाचतो, आणि गावी पोचेपर्यंत गॅप पडली ही बातमी पक्की झालेली असते. मग वाकायचे नाही, घागर उचलायची नाही, शेतात जायचे नाही. धट्टीकट्टी माणसे या एका कागदाने घरी बसलेली आपण सर्वांनी पाहिली आहेत.

यावर अमेरिकेत एक साधा उपाय करून पाहिला. अहवालाखाली दोन ओळी छापायच्या : कंबर न दुखणाऱ्या, तुमच्या वयाच्या इतक्या टक्के लोकांतही हेच दिसते. २०१२ साली एका लहान अभ्यासात दिसले, की अशा ओळी असल्या तर अफूच्या जातीची वेदनाशामके कमी लिहून दिली जातात. उत्साह वाढला, आणि मग सुमारे २ लाख ३९ हजार रोग्यांवर हा प्रयोग झाला. निकाल २०२० साली आला. त्या गोळ्या किंचित कमी झाल्या. पाठीसाठीच्या पुढच्या तपासण्या आणि उपचार मात्र जेवढे होते तेवढेच राहिले.